फार्मविलची शाळा

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या सत्रात शिक्षण हक्क कायदा, घटनेतली कलमं २९ आणि ३०, अल्पसंख्याकांच्या संस्था यांवर बरीच चर्चा झाली. त्यात एक प्रश्न दोनतीनदा आला आणि दर वेळी अर्धवट राहिला. आपल्या मुलांसाठी आपण आपल्या वेगळ्या, चांगल्या शाळा काढायच्या, की सगळ्यांच्या सरकारी शाळेत आपली मुलं घालून ती शाळा चांगली व्हावी म्हणून भांडायचं? मला जो विषय दिला आहे तो या प्रश्नाच्या अगदी शेजारचा आहे. एका छोट्या गावातल्या सरकारी शाळेचा इतिहास. मी मुद्दाम आपल्यापासून लांबचं गाव निवडलं आहे. जवळचं गाव घेतलं की आपण लगेच बाजू घेऊन बसतो. लांबच्या गावाकडे जरा शांतपणे बघता येतं.

गावाचं नाव फार्मविल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचं हे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखं समजा, फक्त तिला कर बसवण्याचा आणि शाळांसाठी पैसा मंजूर करण्याचा अधिकार असतो. हा अधिकार लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यावर फिरणार आहे. आसपास तंबाखूची शेती. जवळच अ‍ॅपोमॅटॉक्स, जिथे १८६५ साली जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं. गुलामगिरी गेली. पण १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्लेसी खटल्यात असा निकाल दिला की गोरे आणि काळे यांना वेगळं ठेवायला हरकत नाही, सोयी समान असल्या म्हणजे झालं. 'वेगळे पण समान' हे तत्त्व दक्षिणेकडच्या राज्यांनी उचललं. त्यातलं 'वेगळे' काटेकोरपणे पाळलं आणि 'समान'कडे कुणी बघितलं नाही.

हे आपल्याला काही परकं वाटायचं कारण नाही. बाबासाहेब सातारच्या शाळेत शिकत होते तेव्हा त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे आणि बसायचं गोणपाट घरून न्यावं आणि परत आणावं लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे आपलं गाऱ्हाणं नेत आहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. म्हणजे तिकडचं आणि इकडचं दुखणं एक आहे, हे जुन्या माणसांना माहीत होतं.

तर फार्मविल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या काउंटीत काळ्या मुलांसाठी पूर्ण हायस्कूल नव्हतं. वरचे वर्ग मिळावेत म्हणून पाठपुरावा केला तो तिथल्या काळ्या बायकांनी. मार्था फॉरेस्टर नावाच्या बाईंनी १९२० साली महिलांचं एक मंडळ उभं केलं होतं. या मंडळाचं नाव लक्षात असू द्या, ते शेवटी पुन्हा येणार आहे. १९३९ साली एकदाचं हायस्कूल झालं. विटांची, एकमजली इमारत. रॉबर्ट रुसा मोटन यांचं नाव शाळेला दिलं. हे मोटन याच भागात वाढलेले, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पश्चात टस्कगी संस्थेचे प्रमुख झालेले मोठे शिक्षणतज्ज्ञ.

शाळा १८० मुलांसाठी बांधली होती. दहा वर्षांत पट साडेचारशेच्या आसपास गेला. मुलांना शिकायचं होतं, आईवडिलांना शिकवायचं होतं, पट वाढणारच. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही, विज्ञानाची धड प्रयोगशाळा नाही. वर्ग सभागृहात भरत. कधी उभ्या असलेल्या बसमध्येसुद्धा भरत. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी नवी इमारत मागितली. काउंटीनं काय दिलं? आवारात लाकडी सांगाड्याच्या शेड ठोकल्या आणि त्यांना डांबर लावलेला कागद गुंडाळला. दुरून त्या कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या दिसत. आत एक शेगडी. तिच्या जवळ बसलेला पोरगा भाजायचा आणि दाराजवळचा कोट घालून कुडकुडायचा. पाऊस आला की गळायचं. बस म्हणाल तर गोऱ्या मुलांच्या शाळेनं वापरून टाकलेल्या. आणि गावातच, हाकेच्या अंतरावर, गोऱ्यांचं फार्मविल हायस्कूल नीट सुस्थितीत उभं होतं.

आपल्याकडेही हे असंच चालतं. पत्र्याच्या शेडमध्ये भरणारे वर्ग, 'तात्पुरती सोय' म्हणून आलेली आणि पंधरा वर्षं तशीच राहिलेली. फार्मविलच्या मुलांनाही हेच सांगितलं होतं की ही तात्पुरती सोय आहे.

या शाळेत अकरावीला बार्बरा जॉन्स नावाची मुलगी होती. वय सोळा. घर गावाबाहेर शेतावर, धाकट्या भावंडांना तयार करून शाळेत पाठवायचं काम तिच्यावर. तिचे काका व्हर्नन जॉन्स हे परखड बोलणारे धर्मोपदेशक. माँटगोमेरीच्या ज्या चर्चमध्ये पुढे मार्टिन लूथर किंग आले, तिथे त्यांच्या आधी हेच होते. बार्बरा स्वतः मात्र अबोल म्हणून ओळखली जायची. एकदा तिची बस चुकली. ती रस्त्याच्या कडेला कुणाची गाडी मिळते का बघत उभी होती, तेव्हा गोऱ्या मुलांची बस तिच्यासमोरून निम्मी रिकामी निघून गेली. तिनं शाळेतल्या संगीताच्या शिक्षिकेजवळ शाळेच्या अवस्थेबद्दल तक्रार केली. बाईंनी तिला उलट विचारलं, मग तू काही करत का नाहीस? त्या बाई होत्या इनेझ डेव्हनपोर्ट. आपण हे बोललो होतो हे त्यांनी बरीच वर्षं उघड केलं नाही. का नाही केलं ते उघड आहे, सरकारी नोकरी होती.

बार्बरानं काही विश्वासातले विद्यार्थी गोळा केले. त्यात जॉन आणि कॅरी स्टोक्स ही जुळी भावंडं होती. कित्येक महिने गुप्तपणे बोलणी चालली आणि घरीसुद्धा कुणाला पत्ता लागला नाही. २३ एप्रिल १९५१ या दिवशी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला की तुमची काही मुलं गावात बस स्टँडवर अडचणीत सापडली आहेत, लवकर या. ते धावत गेले. फोन विद्यार्थ्यांनीच केला होता. सर बाहेर पडताच सगळ्या वर्गांत चिठ्ठ्या गेल्या की सभागृहात जमा. चिठ्ठीवर 'जे' अशी सही, कारण सर तशीच सही करत. साडेचारशे मुलं जमली. पडदा उघडला तर रंगमंचावर सरांच्या जागी बार्बरा. तिनं शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली. बरेच गेले. ज्यांनी आढेवेढे घेतले त्यांच्यासाठी तिनं पायातला बूट काढून बाकावर आपटला, असं त्या दिवशी हजर असलेले लोक सांगतात. मग तिनं सांगितलं की नवी शाळा मिळेपर्यंत आपण वर्गात बसायचं नाही.

मुख्याध्यापकांना फसवून बाहेर काढलं ते बरोबर की चूक, यावर आपल्या एखाद्या शिबिरात दिवसभर वाद होईल. मला त्यामागचा विचार आवडतो. सर हजर असते तर त्यांना मुलांना अडवावंच लागलं असतं, किंवा न अडवल्याबद्दल नोकरी गमवावी लागली असती. मुलांनी त्यांना त्या पेचातून वाचवायचा प्रयत्न केला. तरीही पुढे त्यांची नेमणूक काउंटीनं चालू ठेवली नाही, ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याची जागा आली. मुलांची मागणी काय होती? नवी इमारत. गोऱ्यांच्या शाळेसारखी चांगली, पण आपली. कुणीही 'आम्हाला गोऱ्यांच्या वर्गात बसवा' म्हणालं नव्हतं. त्यांनी एनएएसीपी या संघटनेच्या रिचमंडमधल्या वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन हे दोन वकील दुसऱ्या कामाला निघाले होते. वाटेत थांबून मुलांची समजूत काढावी आणि त्यांना वर्गात परत पाठवावं असा त्यांचा विचार होता. पण मुलांचा निर्धार बघून ते चकित झाले. त्यांनी एक अट घातली. चांगल्या वेगळ्या शाळेसाठी आम्ही खटला लढणार नाही. लढायचं असेल तर वेगळेपणाच रद्द करा म्हणून लढू, आणि तेही तुमचे आईवडील पाठीशी उभे राहणार असतील तर.

विचार करा. सोळा-सतरा वर्षांची पोरं. ती इमारत मागायला निघाली होती आणि दोन दिवसांत त्यांच्यापुढे केवढा मोठा प्रश्न ठेवला गेला. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये पालकांच्या सभा झाल्या. चर्चचे पाळक रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या बाजूनं उभे राहिले. सगळे पालक एका मताचे नव्हते. शाळेच्या एका माजी मुख्याध्यापकांनी भर सभेत इशारा दिला की इमारत मागणं ठीक आहे, पण वेगळेपणावरच हात घातलात तर आहे तेही जाईल. बार्बरानं उठून त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं आणि सभा तिच्या बाजूनं गेली. पण तुम्ही पुढची गोष्ट ऐकाल तेव्हा लक्षात येईल की त्या गृहस्थांचं म्हणणं भीतीपोटी असलं तरी खोटं नव्हतं. आपल्या मोहल्ल्यांच्या बैठकांतसुद्धा असा एक वडीलधारा नेहमी असतो. त्याला हसू नये.

७ मे रोजी मुलं वर्गात परतली. २३ मेला खटला दाखल झाला, ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनं. यादीत पहिलं नाव डोरोथी डेव्हिस या चौदा वर्षांच्या मुलीचं, म्हणून खटल्याचं नाव 'डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी शाळा मंडळ'. ज्या आईवडिलांनी मुलांची नावं दिली ते कोण होते? शेतकरी, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया. नाव उघड झालं की उधारी बंद होऊ शकत होती, काम जाऊ शकत होतं. बार्बराला तर घरच्यांनी जिवाच्या भीतीनं अलाबामात काकांकडे पाठवून दिलं. तिनं जी शाळा मागितली तिथे तिला शेवटचं वर्षसुद्धा काढता आलं नाही.

पुढचं कोर्टाचं थोडक्यात सांगतो. १९५२ साली खालच्या न्यायालयात मुलं हरली. दरम्यान काउंटीनं घाईघाईनं नवं मोटन हायस्कूल बांधून १९५३ साली उघडलं. वर्षानुवर्षं पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना अचानक पैसे सापडले. वेगळेपणा वाचवण्यासाठी समानतेवर केलेला हा खर्च होता. डेव्हिस खटला वर गेला आणि आणखी चार खटल्यांबरोबर एकत्र चालला. एकत्रित नाव पडलं 'ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ'. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की शिक्षणात वेगळं ठेवणं हेच मुळात असमान आहे. या पाच खटल्यांत विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला एकच, फार्मविलचा. पाचही खटल्यांतले बहुसंख्य फिर्यादी याच काउंटीतले होते.

इथे बहुतेक पुस्तकं टाळ्या वाजवून थांबतात. गावाचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

न्यायालयानं १९५५ साली अंमलबजावणीबद्दल दुसरा आदेश दिला, पण त्यात तारीख घातली नाही. योग्य त्या गतीनं करा, अशा अर्थाची भाषा होती. व्हर्जिनियातले बडे नेते सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. राज्यानं कायदेच केले की जी शाळा काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवेल ती बंद होईल. १९५८ साली नॉरफोक, शार्लट्सव्हिल अशा ठिकाणी शाळा खरंच बंद झाल्या. जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयांनी ते कायदे रद्द केले आणि तिथल्या शाळा पुन्हा उघडल्या. राहिली प्रिन्स एडवर्ड काउंटी. तिला आदेश मिळाला की सप्टेंबर १९५९ पासून एकत्र शाळा भरवा. तेव्हा काउंटीच्या मंडळानं आपला तो अधिकार वापरला, जो मी सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितला होता. शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. शाळेचा करच बसवला नाही. काळ्यांना प्रवेश द्यायचा नाही असं कुठेही लिहिलं नाही. फक्त शाळाच ठेवल्या नाहीत. काउंटीतल्या सगळ्याच्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या दोन्ही. त्यात १९५३ ची नवी कोरी इमारतही आली.

हे कुलूप पाच वर्षं राहिलं. एक-दोन महिने नाही, पाच वर्षं.

गोऱ्या मुलांचं काय झालं? त्यांच्यासाठी 'प्रिन्स एडवर्ड अ‍ॅकॅडमी' नावाची खासगी शाळा लगेच उघडली. सुरुवातीला वर्ग चर्चमध्ये आणि मिळतील त्या सभागृहांत भरले. सरकारी शाळेतले जवळपास सगळे गोरे शिक्षक तिकडे गेले. देणग्या आल्या, मग राज्याकडून फीसाठी अनुदान आणि देणगीदारांना काउंटीच्या करात सूट. म्हणजे सार्वजनिक शाळा बंद, पण सार्वजनिक पैसा वळसा घालून खासगी शाळेत. न्यायालयानं १९६१ साली ती वाट अडवली तोपर्यंत अ‍ॅकॅडमी पायावर उभी राहिली होती. आणि ज्या गरीब गोऱ्यांना फी झेपली नाही, त्यांची मुलंही घरी बसली. ही गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांच्या नावानं हे सगळं चाललं होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

काळी मुलं सुमारे सतराशे. काहींना आईवडिलांनी दुसऱ्या काउंटीत, दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे पाठवलं. काही मुलं उत्तर कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजात गेली. क्वेकर पंथाच्या एका सेवासंस्थेनं काही मुलांना दूरच्या गावांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवून शिकवायची सोय केली. गावात चर्चच्या तळघरांत केंद्रं सुरू झाली, पण त्यांना मुद्दाम 'शाळा' म्हटलं गेलं नाही. शाळा म्हटलं तर काउंटीला 'यांचं भागतंय की' म्हणायला जागा मिळाली असती. आणि पुष्कळ मुलं सरळ तंबाखूच्या शेतात कामाला लागली. १९५९ साली पहिलीत जायचं होतं असं सहा वर्षांचं पोर शाळा उघडली तेव्हा अकरा वर्षांचं झालं होतं. अकरावीत असलेल्या पुष्कळांचं शिक्षण तर तिथेच संपलं.

या पाच वर्षांतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५९ च्या शेवटी गावातल्या काही गोऱ्या पुढाऱ्यांनी देकार दिला की आम्ही काळ्या मुलांसाठीही एक खासगी शाळा काढायला मदत करतो. मुलं घरी बसली होती, थंडी सुरू झाली होती. पालकांनी तो देकार घेतला नाही. अर्ज आला फक्त एक. कारण स्पष्ट होतं. ती शाळा घेतली असती तर वेगळेपण स्वतःच्या सहीनं मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि सरकारी शाळा कायमची गेली असती.

त्यांनी बरोबर केलं का? मला विचाराल तर बरोबर केलं. पण हे मी इथे पंख्याखाली उभं राहून म्हणतो आहे. ज्या बाईचा सात वर्षांचा मुलगा अक्षरं न ओळखता अंगणात खेळत होता तिनं ते म्हणणं वेगळं. पुढे त्यातल्याच काही मुलांनी, म्हातारपणी, आईवडिलांबद्दल राग बोलून दाखवला आहे, काहींनी अभिमान, आणि काहींनी दोन्ही एकाच दमात. तत्त्वाची किंमत मोठ्यांनी ठरवली आणि मुलांनी भरली, हे खरं आहे. हे खरं असूनही देकार नाकारला नसता तर पुढचा निकाल मिळालाच नसता, हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

मार्च १९६२ मध्ये मार्टिन लूथर किंग फार्मविलला येऊन गेले. मार्च १९६३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी एका भाषणात जगात मोफत सार्वजनिक शिक्षण नसलेल्या मोजक्या ठिकाणांची यादी वाचली, आणि त्या यादीत शेवटी आपल्याच देशातली प्रिन्स एडवर्ड काउंटी ठेवली. त्या उन्हाळ्यात गावातल्या तरुणांनी रस्त्यावर निदर्शनं केली. सप्टेंबर १९६३ मध्ये देणग्यांवर एक वर्षापुरत्या 'फ्री स्कूल' सुरू झाल्या. सुमारे पंधराशे मुलं आली, त्यात गोरी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिक्षक देशभरातून आले. त्यांना पौगंडावस्थेतली अशी मुलं भेटली ज्यांना आपलं नाव लिहिता येत नव्हतं.

२५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटल्याला नाव होतं ग्रिफिन, त्याच पाळक कुटुंबाचं. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. हे स्वतः अलाबामाचे गोरे, आणि तरुणपणी कू क्लक्स क्लॅनचे सदस्य राहिलेले. माणसं बदलतात ती अशी. त्यांनी म्हटलं की काउंटीनं शाळा बंद केल्या त्या वंशाच्या कारणावरून, आणि हे घटनेला धरून नाही. गरज पडली तर न्यायालय काउंटीला कर बसवून शाळा उघडायला लावू शकेल. सप्टेंबर १९६४ मध्ये कुलुपं निघाली.

आणि वर्गात कोण आलं? जवळजवळ सगळी काळीच मुलं. गोरी मुलं दहासुद्धा नाहीत. बाकीची अ‍ॅकॅडमीतच राहिली. म्हणजे संप, खटला, ब्राऊन निकाल, पाच वर्षांचं कुलूप, पुन्हा निकाल, तेरा वर्षं गेली, आणि शेवटी काळ्या मुलांना तीच शाळा मिळाली जी १९५३ मध्येच देऊ केली होती, काळ्यांची वेगळी. कायद्यानं ती सगळ्यांची होती. दार उघडं होतं. ज्यांच्याकडे पैसा आणि सत्ता होती ते त्या दारातून आत आले नाहीत, एवढंच. शाळेसाठी किती खर्च करायचा हे ठरवणाऱ्या मंडळावर मात्र तेच होते. ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्यांनी त्या शाळेचं बजेट ठरवायचं.

हे वाक्य म्हणताना मला इथली जिल्हा परिषद आठवते, तुम्हालाही आठवली असेल. आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कुणाची मुलं आहेत? सरपंचाची आहेत? तिथल्याच शिक्षकांची आहेत? मौलानांची, कॉन्ट्रॅक्टरची, आपल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची? ज्याला इंग्रजी माध्यमाची फी आणि पिवळ्या बसचे पैसे परवडतात तो जातो. राहतात मजुरांची, भटक्यांची, आदिवासींची आणि आपल्यातल्या गरिबांची मुलं. मग पट घटतो, आणि पट वीसच्या खाली गेला म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायची चर्चा सरकार करतं. आपल्याकडे कुणी वंशाच्या नावानं कुलूप लावलेलं नाही. पण शाळा सोडून जाण्यानं शाळा कशी मरते, हे फार्मविलनं दाखवलं आहे.

उर्दू शाळांचा मुद्दा सकाळी कुणीतरी काढला होता, त्याला बगल देत नाही. आपल्याकडे एकाच आवारात मराठी आणि उर्दू अशा दोन जिल्हा परिषद शाळा असलेली गावं आहेत. ती फार्मविलसारखी स्थिती नाही. तिथे मुलाला निवडच नव्हती, त्याच्या कातडीवरून शाळा ठरत होती. उर्दू माध्यम ही भाषेची निवड आहे आणि घटनेनं तिला संरक्षण दिलं आहे. ते कुणी हिसकावू पाहील तर आपण विरोधच करू. पण निवड आहे म्हणताना ती खरंच निवड आहे ना, हे तपासायला हवं. मराठी शाळेच्या गुरुजींनी 'तुमच्यासाठी ती शाळा आहे ना' म्हणून परत पाठवलेल्या आईची ती निवड नव्हे. आणि मराठीच घरात बोलणाऱ्या कोकणातल्या किंवा सोलापूरकडच्या मुलाला केवळ मुसलमान म्हणून तिकडे ढकललं जात असेल, तर ते मी भाषेचं संरक्षण मानणार नाही. दोन्ही शाळांची मैदानं एक ठेवता येतात, स्नेहसंमेलन एक ठेवता येतं, शाळा व्यवस्थापन समित्या एकत्र बसू शकतात. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या आहेत. आपल्यापैकी किती जणांच्या अम्मी-अब्बांनी त्या बैठकीत कधी तोंड उघडलं आहे? हात वर करू नका, मला मोजायचं नाही.

फार्मविलमध्ये पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. अ‍ॅकॅडमीची करसवलत १९७८ साली काढून घेतली गेली, आणि काळ्या मुलांना प्रवेश देण्याची तयारी दाखवल्यावर १९८० च्या दशकात ती परत मिळाली. पुढच्या दशकात एका उद्योगपतीच्या मोठ्या देणगीनंतर शाळेचं नाव बदललं. सरकारी शाळेत गोरी मुलं हळूहळू परतली, कुठल्याही आदेशानं नाही, फी परवडेना म्हणून, आणि शाळा बरी चालते हे दिसलं म्हणून. आज तिथल्या सरकारी शाळांत दोन्ही रंगांची मुलं आहेत.

बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली. ती १९९१ साली वारली, तोपर्यंत तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत व्हर्जिनियाच्या वतीनं जनरल ली यांचा पुतळा उभा होता, तो डिसेंबर २०२० मध्ये हलवला गेला, आणि त्या जागेसाठी राज्यानं सोळा वर्षांच्या बार्बराची निवड केली.

ती १९३९ ची विटांची इमारत नंतर प्राथमिक शाळा म्हणून वापरात होती. ती रिकामी झाली तेव्हा विकली जाण्याची वेळ आली. तेव्हा पुढे आलं ते मार्था फॉरेस्टर यांचं महिला मंडळ, १९२० सालचं. त्या बायकांच्या पुढच्या पिढ्यांनी ती वास्तू वाचवली आणि २३ एप्रिल २००१ रोजी, संपाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, तिथे संग्रहालय उघडलं.

२००३ साली काउंटीनं त्या पाच वर्षांत शाळा हुकलेल्यांना मानद पदविका दिल्या. पन्नाशी-साठीतली माणसं झगा आणि चौकोनी टोपी घालून रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी राज्यानं त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, आणि काही जणांनी त्या वयात खरंच शाळेचा अभ्यास पूर्ण केला, काही जण कॉलेजात गेले.

माझं सांगून झालं. चहा यायला अजून दहा-पंधरा मिनिटं आहेत. माजी मुख्याध्यापकांची बाजू घेऊन बोलायचं असेल त्यांनी आधी बोलावं, त्यांचं ऐकायला मला जास्त आवडेल.